सदतीस शब्द आणि एक मैदान

आमच्या घरी सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये कोणी बोलू नये, असा वडिलांच्या वेळेपासूनचा दंडक आहे. दांडिया बाजारातील या घरात तो तीन पिढ्या बिनबोभाट चालत आला. हल्ली आमची नात मात्र तो जुमानीत नाही. ती महाविद्यालयात शिकते आणि विद्यापीठाच्या मुलींच्या संघातून फुटबॉल खेळते. बचावफळीत डाव्या बाजूस उभी असते. परवाच्या रविवारी मी अग्रलेखावर नजर टाकतो न टाकतो, तोच तिने आपला फोन माझ्या चष्म्यापुढे धरला आणि म्हणाली, "आबा, पाच मिनिटे हे बघा. मग तुमचा पेपर."

पाहिले ते असे. दिव्यांच्या उजेडात न्हालेले हिरवे मैदान, भोवती गजबजलेल्या पायऱ्या आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलींचे दोन संघ. अमेरिकेतील विद्यापीठांच्या मुलींच्या फुटबॉल अजिंक्यपदाचा तो अंतिम सामना होता. ९ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर कॅरोलिना राज्यातील कॅरी या गावी झालेला. उत्तर कॅरोलिना विद्यापीठाने वेक फॉरेस्ट विद्यापीठाला एका गोलाने हरविले. खेळ वेगवान होता, चेंडू पायापायातून सुईदोऱ्यासारखा फिरत होता, आणि हरलेल्या मुली मैदानावर बसून रडत होत्या, तेव्हा त्यांचे रडणेदेखील कोणी तरी गंभीरपणे घेत आहे असे दिसत होते.

"या मुली विद्यापीठाच्याच आहेत, आबा. माझ्याच वयाच्या," ती म्हणाली.

"मग?" मी विचारले.

"मग काही नाही," असे म्हणून ती आपले बूट शोधावयास निघून गेली.

त्या 'काही नाही'ने माझा त्या दिवसाचा अग्रलेख वाया घालविला. तो विचार वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

एका स्पर्धेची जन्मकथा

प्रथम एक खुलासा. अमेरिकेत 'फुटबॉल' म्हटले की शिरस्त्राणे घालून, लांबट चेंडू हातात धरून एकमेकांवर आदळण्याचा निराळाच खेळ समजतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला तेथे सॉकर हे नाव आहे. हा भेद नुसता शब्दांचा नाही. पुढे आपल्याला तो कामी येणार आहे, म्हणून वाचकांनी ध्यानात ठेवावा. या लेखापुरते मी त्या दुसऱ्या खेळाला शिरस्त्राणी फुटबॉल म्हणतो.

तेथील विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धा चालविणारी प्रमुख संस्था म्हणजे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना. तिची स्थापना १९०६ सालची. शिरस्त्राणी फुटबॉलमध्ये विद्यार्थी जखमी होऊन दगावू लागले, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यात लक्ष घातले, आणि त्यातून ही संस्था जन्मास आली. पुरुषांच्या सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा या संघटनेने १९५९ साली सुरू केली. स्त्रियांसाठी म्हणून कोणत्याही खेळाची स्पर्धा भरविण्यास मात्र तिला १९८१ साल उजाडावे लागले. म्हणजे पाऊणशे वर्षे या थोर संस्थेच्या लेखी विद्यापीठांत मुली होत्या, परंतु खेळाडू नव्हत्या.

तोपर्यंत मुलींच्या स्पर्धा चालविण्याचे काम १९७१ साली स्थापन झालेली एक निराळी संस्था करीत असे. ती स्त्रियांनी चालविली होती, तिची तिजोरी बेताची होती आणि तिची उमेद मोठी होती. १९८१ साली तिने मुलींच्या सॉकरचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद भरविले. ते उत्तर कॅरोलिनाने जिंकले. पुढच्याच वर्षी मोठ्या संघटनेने आपली स्वतंत्र स्पर्धा काढली. बारा संघ आले, आणि तीही उत्तर कॅरोलिनानेच जिंकली. दुबळी संस्था या चढाओढीत टिकली नाही. तिने न्यायालयात दाद मागितली, ती फुकट गेली, आणि तिचे दार बंद झाले. ज्यांनी रोप लावले त्यांच्या अंगणात झाड राहिले नाही, अशी ही थोडी कडवट हकीकत आहे.

झाड मात्र वाढले. बारा संघांची स्पर्धा २००१ सालापासून चौसष्ट संघांची झाली; आणि त्या चौसष्टांत येण्यासाठी पहिल्या श्रेणीतील तीनशेहून अधिक विद्यापीठे ऑगस्टपासून झटत असतात. १९८२ ते २०२४ या काळात झालेल्या त्रेचाळीस स्पर्धांपैकी बावीस एकट्या उत्तर कॅरोलिनाने जिंकल्या. १९८६ ते १९९४ ही सलग नऊ वर्षे तर दुसऱ्या कोणाचे नाव चषकावर कोरलेच गेले नाही. या संघाला घडविणारे मार्गदर्शक अॅन्सन डोरन्स हे १९७९ पासून पंचेचाळीस वर्षे त्या जागी होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना, ते निवृत्त झाले. त्यांचे साहाय्यक डेमन नाहस यांनी तात्पुरता कार्यभार घेतला आणि चार महिन्यांत चषक घरी आणला. याच विद्यापीठाच्या मिया हॅम हिने १९८९ ते १९९३ या काळात चार अजिंक्यपदे मिळविली आणि पुढे ती जगात नावाजली. १९९१ साली चीनमध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, ती अमेरिकेने जिंकली. त्या संघाचे मार्गदर्शक डोरन्सच होते, आणि संघातील कितीतरी मुली त्यांच्याच विद्यापीठात तयार झालेल्या होत्या. विद्यापीठाच्या मैदानातून विश्वचषक निघाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सदतीस शब्द

हे घडले कसे? अमेरिकन मुलींना एकाएकी चेंडूचे वेड लागले, असे नाही. १९७१ च्या सुमारास त्या सबंध देशातील शाळांत सॉकर खेळणाऱ्या मुली अवघ्या सातशे होत्या. आज ती संख्या साडेतीन लाखांच्या वर आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये एक कायदा उभा आहे.

२३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्याच्या नवव्या प्रकरणाचा गाभा इंग्रजीत मोजून सदतीस शब्दांचा आहे. त्याचा आशय असा: संघराज्याच्या तिजोरीतून ज्या शिक्षणसंस्थेला पैसा मिळतो, तिच्या कोणत्याही कार्यक्रमातून कोणाही व्यक्तीला ती स्त्री आहे वा पुरुष आहे या कारणावरून वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही, अथवा तिच्या बाबतीत भेद करता येणार नाही. या शब्दांत खेळाचे नाव कोठेही नाही. मैदान नाही, चेंडू नाही, बूट नाहीत. कायदा घडविणाऱ्यांत हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक होत्या. त्यांना तरुणपणी डॉक्टर व्हावयाचे होते, आणि स्त्री म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांची दारे त्यांना लागलेली आढळली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे दवाखाना होता, क्रीडांगण नव्हते. परंतु कायद्याचे पाणी एकदा सोडले की ते सखल जागा शोधीत जाते. आणि विद्यापीठात मुलींच्या वाट्याला सर्वांत सखल जागा आली होती ती मैदानातच.

मोठ्या क्रीडासंघटनेने विरोध केला. १९७४ साली टॉवर या नावाच्या सिनेटरांनी, ज्या खेळांतून उत्पन्न येते ते या कायद्यातून वगळावे, अशी दुरुस्ती आणली. ती टिकली नाही. १९७६ साली संघटना न्यायालयात गेली; तेथेही तिचे काही चालले नाही. १९७९ साली सरकारने कसोट्या ठरवून दिल्या. एक तर खेळणाऱ्या मुलींचे प्रमाण विद्यापीठातील मुलींच्या प्रमाणाशी जुळले पाहिजे. नाही तर त्यांच्यासाठी सोयी वाढवीत नेल्याचा इतिहास दाखविता आला पाहिजे. तेही नसेल तर मुलींची आवड आणि पात्रता यांना पुरेसा वाव मिळतो हे सिद्ध केले पाहिजे. तिन्हींपैकी एक तरी पुरी करा, असा तो हिशेब.

आता मघाचा भेद आठवावा. शिरस्त्राणी फुटबॉलच्या एकेका संघाला पंच्याऐंशी शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती, आणि मुलींसाठी तसा खेळच नव्हता. तराजूच्या एका पारड्यात हे पंच्याऐंशी दणकट तरुण बसल्यावर दुसऱ्या पारड्यात काय घालावयाचे? मोठा संघ लागेल, साहित्य फार लागणार नाही, मैदान तयारच आहे, असा मुलींचा खेळ विद्यापीठे शोधू लागली. तो सॉकर निघाला. म्हणूनच नव्या व्यवस्थेपूर्वी मुलींच्या सॉकर संघाला चौदा शिष्यवृत्त्या मिळत, तर मुलांच्या संघाला नऊ आणि नऊ-दशांश. तेथे शिष्यवृत्ती अपूर्णांकातही वाटता येते. स्त्रीदाक्षिण्याने नव्हे, तर हिशेब जुळविण्याच्या गरजेने ही स्पर्धा वाढली. मला यात काही कमीपणा वाटत नाही. जगातील पुष्कळशा चांगल्या गोष्टी सद्भावनेपेक्षा हिशेबाने अधिक टिकल्या आहेत.

एक उणे मात्र नमूद केले पाहिजे. कायदा येण्यापूर्वी मुलींच्या संघांना शिकविणाऱ्यांत दहांपैकी नऊ स्त्रिया असत. पैसा आणि प्रतिष्ठा आली तशा त्या जागांवर पुरुष आले, आणि हे प्रमाण निम्म्याच्याही खाली उतरले. मैदान मुलींना मिळाले, पण कडेची खुर्ची हातची गेली. आपण काही उचलावयाचे म्हटले तर हा धडाही सोबत उचलावा.

आजचा पेच

इतके सांगून थांबलो तर ही एक यशोगाथा झाली असती. परंतु त्या स्पर्धेच्या पायाखालची जमीन सध्या हलते आहे, आणि आजच्या घडामोडींत मला महत्त्वाचे वाटते ते हेच.

२०२४ च्या स्पर्धेतील उपांत्य फेरीचे चार संघ पाहा: उत्तर कॅरोलिना, वेक फॉरेस्ट, ड्यूक आणि स्टॅनफर्ड. चारही अटलांटिक किनारा परिषद नावाच्या गटातले. यांपैकी स्टॅनफर्ड विद्यापीठ कॅलिफोर्नियात, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या बाजूस आहे! ते अटलांटिकच्या गटात २०२४ साली आले. कारण शिरस्त्राणी फुटबॉलच्या दूरचित्रवाणीच्या पैशापायी पॅसिफिककडचा जुना गट मोडला, आणि ज्याला जेथे आसरा मिळाला तेथे तो गेला. त्या पैशाशी सॉकर खेळणाऱ्या मुलींचा काडीचा संबंध नाही. तरी गटातील सामन्यासाठी सगळा देश ओलांडून विमानाने जावयाचे, परतताना वही उघडून परीक्षेचा अभ्यास करावयाचा, हे त्यांच्या नशिबी आले. घर थोरल्याच्या सोयीने बदलावयाचे आणि धाकटीने शाळा बदलावयाची, हा प्रकार आपल्याही घरांना अपरिचित नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. खेळाडूंच्या श्रमावर विद्यापीठे अब्जावधी डॉलर मिळवितात आणि खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही देत नाहीत, अशी तक्रार तेथे वर्षानुवर्षे होती, आणि ती रास्त होती. 'हाऊस' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एका तडजोडीस मान्यता दिली. त्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे दोनशे ऐंशी कोटी डॉलरची भरपाई दहा वर्षांत द्यावयाची, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटा देण्याची मोकळीक. शिष्यवृत्त्यांच्या जुन्या मर्यादा गेल्या. त्यांऐवजी संघात किती खेळाडू असावेत याची मर्यादा आली. मुलींच्या सॉकरला ती अठ्ठावीस आहे.

ऐकताना न्याय वाटतो. परंतु वाटणी कशी? भरपाईच्या सूत्रात शंभरातले पंचाहत्तर शिरस्त्राणी फुटबॉलला, पंधरा पुरुषांच्या बास्केटबॉलला, पाच स्त्रियांच्या बास्केटबॉलला, आणि उरलेल्या पाचांत बाकीचे सारे खेळ. पुढच्या वाटणीतही कित्येक विद्यापीठे हेच माप वापरीत आहेत. मग त्या सदतीस शब्दांचे काय? जानेवारी २०२५ मध्ये जाणाऱ्या सरकारने मत दिले होते की, असा पैसा हीही शैक्षणिक मदतच असून तिला भेदभावबंदी लागू होते. पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने ते मत मागे घेतले. काही खेळाडू मुलींनी भरपाईच्या वाटणीविरुद्ध अपील दाखल केले. पैसा उत्पन्न देणाऱ्या खेळांकडे वळू लागताच काही विद्यापीठांनी बिनउत्पन्नाचे खेळ बंद करण्यासही सुरुवात केली आहे.

तिसरी गोष्ट अशी की, उत्तम खेळणाऱ्या मुली आता विद्यापीठाची वाट पाहीनाशा झाल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथील व्यावसायिक स्त्री-लीगने विद्यापीठांतून खेळाडू वाटून घेण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही थेट व्यवसायात उतरू लागल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्धचा एकमेव गोल करणारी मॅलरी स्वॉन्सन हीच २०१७ साली विद्यापीठासाठी एकही अधिकृत सामना न खेळता बाहेर पडली होती. तिचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पण मोजक्या गुणवंत मुली वर निघून गेल्या आणि पैसा दुसरीकडे वळला, तर मधल्या हजारो साध्या, कष्टाळू, अभ्यास सांभाळून खेळणाऱ्या मुलींचे काय, हा प्रश्न उरतो. त्या स्पर्धेचे खरे वैभव अजिंक्य संघात नसून या मधल्या मुलींत आहे. त्यांपैकी बहुतेकजणी पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. डॉक्टर, शिक्षिका, हिशेबनीस होतात. त्यांनी चार वर्षे एका मैदानावर हक्काने उभे राहून पाहिलेले असते, ही त्यांची शिदोरी.

'हे आपल्याला काय?'

येथे माझे काही समवयस्क मित्र म्हणतील, अमेरिका श्रीमंत आहे, तिचे कौतुक आणि तिचे खटले तिला लखलाभ. आपल्याला त्याचे काय?

बडोद्याच्या माणसाने तरी हे विचारू नये. ज्या १९०६ साली ती अमेरिकन क्रीडासंघटना स्थापन झाली, त्याच १९०६ साली श्रीमंत सयाजीराव महाराज अमेरिकेत गेले होते. तेथील ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि पाहून नुसती वाहवा करून ते परतले नाहीत. १९१० साली न्यू हेवनचे ग्रंथपाल बॉर्डन यांना त्यांनी येथे आणविले, आणि गावोगाव पुस्तके पोचतील अशी व्यवस्था उभी करविली. सेंट्रल लायब्ररीच्या पायऱ्या झिजविलेल्या आमच्या पिढीला हे निराळे सांगावयास नको. आणि त्याच १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. मुलग्यांना तसे मुलींनाही. मुलीला शाळेत धाडणार नाही त्या पालकास दंडाची तरतूद होती. तेव्हाही लोक म्हणत असतील, पैसा कोठून येणार, मुलींना काय करावयाचे आहे शिकून. महाराजांनी लोकमत पिकण्याची वाट पाहिली नाही. कायदा आधी आला, मत मागून आले. माझी आजी त्या कायद्यामुळे वाचावयास शिकली.

आणखी एक स्मरण. आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांनी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशा इंग्रजी शब्दाऐवजी 'सर्व मानव' असा शब्द घालण्याचा आग्रह धरला, आणि तो मान्य झाला. बडोद्याच्या दिवाणांची ही कन्या. एखाददुसऱ्या शब्दाने काय होते हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्याला सदतीस शब्दांचे महत्त्व समजावून सांगावे लागू नये.

कोणी म्हणेल, फुटबॉल हा धसमुसळा खेळ, मुलींच्या प्रकृतीला मानवणारा नव्हे. हेच शब्द इंग्रजांनी शंभर वर्षांपूर्वी वापरले. १९२० च्या नाताळात लिव्हरपूल येथे मुलींचा सामना पाहावयास सुमारे त्रेपन्न हजार लोक लोटले. आणि पुढच्याच डिसेंबरात तेथील फुटबॉल संघटनेने, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, असा ठराव करून आपली मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे राहिली. प्रेक्षक आले नाहीत म्हणून नव्हे. आले म्हणून दार लागले, असा संशय घेण्यास जागा आहे.

आपल्या देशातही मुलींच्या फुटबॉलला इतिहास आहे. १९८० साली कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा १९८३ साली भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या होत्या; त्या काळात गोव्याच्या योलांडा डिसोझा यांचे नाव गाजले होते. मग दीर्घ काळ उपेक्षेत गेला. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये यजमानांना दोन विरुद्ध एक असे हरवून आपल्या मुलींनी आशियाई चषकात प्रवेश मिळविला. पात्रता फेरी जिंकून तेथवर जाण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. वर टोकाला असे दिवे लागतात. मधला जिना मात्र अंधारात आहे, आणि तो जिना म्हणजे आपली विद्यापीठे.

भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था १९२५ सालची, अमेरिकन विद्यापीठांच्या संघटनेहून फारशी धाकटी नव्हे. तिच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा देशाचे विभाग पाडून होतात. आपण पश्चिम विभागात, महाराष्ट्र, गोवा, राजस्थान, मध्य प्रदेश यांच्यासोबत. विभागातील वरचे संघ अखिल भारतीय फेरीस जातात. एकंदर क्रीडेत अग्रेसर ठरणाऱ्या विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना आझादांच्या नावाचा चषक दिला जातो. २०२० पासून सरकारच्या 'खेलो इंडिया' योजनेतून विद्यापीठांचे स्वतंत्र क्रीडामेळेही भरू लागले. सांगाडा आहे. त्यावर मांस किती, हे मी आमच्या नातीला विचारले.

ती जे बोलली त्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्यामुळेच मला ते अधिक लागले. संघाची निवड स्पर्धेच्या थोडे दिवस आधी होते, मग दहा दिवसांचे शिबिर. मुली एकमेकींना तेथेच प्रथम भेटतात. मग रेल्वेने प्रवास, आणि बाद पद्धतीची स्पर्धा. पहिलाच सामना हरला की दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. तिचा गेल्या वर्षीचा सबंध हंगाम ऐंशी मिनिटांचा झाला. ज्या मैदानावर ती एरवी सराव करते (त्याचे नाव मी घेत नाही), तेथे चार ते सहा मुलांचे क्रिकेट असते. मुलींना सहानंतर जागा मिळते, आणि हिवाळ्यात सहा वाजता चेंडू दिसत नाही. बूट घरचे. "पण आबा, आम्हांला कोणी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. खरे आहे. कोणी 'नाही' म्हणत नाही. 'हो' म्हणावयास मात्र कोणी बांधलेले नाही.

आमची ताई आठवली. शाळेत ती शंभर यार्ड धावण्यात पहिली यायची. तिला मिळालेला पितळी तांब्या अजून आमच्या देवघराच्या कोनाड्यात आहे. मॅट्रिक झाली आणि धावणे संपले. कोणी मनाई केली नाही. वडील उदार होते. पुढे धावावयाचे तर कोठे, हे कोणाला सुचले नाही, इतकेच. तिला शाळेत नेणारा कायदा होता. मैदानापर्यंत नेणारा नव्हता.

काय घ्यावे, काय टाकावे

महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथालय घेतले, बाकी पुष्कळ तेथेच सोडले. आपणही तसेच करावे. दूरचित्रवाणीच्या पैशावर विद्यापीठाचा कारभार चालविणे, हे आपण घेऊ नये. त्याची फळे वर सांगितलीच. मोठे पगारी मार्गदर्शक आणि अफाट क्रीडागारे आपल्याला परवडणारी नाहीत, आणि त्यांवाचून आपले अडणारही नाही.

घ्यावयाच्या गोष्टी साध्या आहेत. पहिली, हिशेब. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या वार्षिक अहवालात मुलांच्या आणि मुलींच्या खेळांवर किती खर्च झाला हे दोन रकान्यांत छापावे. छापलेल्या आकड्याची लाज वाटते. न छापलेल्याची वाटत नाही. दुसरी, वेळ. मैदानाच्या फाटकावर तासांचा तक्ता लावावा आणि उजेडाचे तास मुलगे-मुलींत आलटून पालटून वाटावेत. यास पैसा लागत नाही, खडू लागतो. तिसरी, हंगाम. अमेरिकन मुलगी अजिंक्यपदाच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वीच पंधरा-वीस सामने खेळलेली असते. आपल्याकडे शहरातील महाविद्यालयांच्या मुलींची साखळी स्पर्धा दिवाळी ते संक्रांत चालवावी. बसने जाता येईल इतक्या अंतरावर खेळावे. आणि संघ त्या साखळीतून निवडावा. हरल्यावरही पुढच्या शनिवारी सामना आहे, हे ठाऊक असल्याखेरीज खेळाडू तयार होत नाही. चौथी, शिकविणाऱ्या. ग्वाल्हेरला लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था १९५७ पासून आहे. तेथून आणि इतर ठिकाणांहून शिकून निघणाऱ्या स्त्रियांना या मैदानांवर नेमावे. अमेरिकेने केलेली चूक आपण पाठ करून गिरवू नये.

यासाठी लगेच दिल्लीचा कायदा हवाच असे नाही; पण नियम मात्र हवा, आणि तो पैशाला बांधलेला हवा. कारण अमेरिकेचा सगळा अनुभव एवढेच सांगतो: कायदा होता तोवर मुली वाढल्या, आणि कायद्याचा अर्थ सैल पडू लागताच, चाळीस-पन्नास वर्षांनंतरही, पहिला घाला त्यांच्याच वाट्याच्या पैशावर आला. भलेपणावर सोडलेली गोष्ट भला माणूस असेतोच टिकते.

आमच्या नातीचे हे शेवटचे वर्ष. पदवीनंतर खेळणार का, असे तिच्या आईने परवा विचारले, ती म्हणाली, "कुठे?" हाच प्रश्न ताईला पडला असेल. तिने तो विचारला नव्हता, एवढाच काय तो फरक.

मी विद्यापीठाला एक पत्र धाडले आहे. त्यात दोन रकान्यांचा हिशेब तेवढा मागितला आहे. उत्तर आल्यास वाचकांस याच ठिकाणी कळवीन. तोवर आमच्या घरी सकाळच्या वर्तमानपत्राचा जुना दंडक मागे घेण्यात आला असून, ओट्यावर, माझ्या खुर्चीशेजारी, मातीने भरलेले बूट वाळत ठेवण्यास परवानगी देण्यात आली आहे.